गिझर बिघडला आणि महिनाअखेर आहे: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून नेहमी येणारे प्रश्न

गिझर, पंप, मिक्सर दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुकान बेळगावात, गिऱ्हाईक शहापूर-वडगावपासून येळ्ळूर, काकती, खानापूरपर्यंत. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ते काही उगाच नाही. डिसेंबरात पहाटे न्हाणीत पाय ठेवला की कळतं. दिवाळी उलटली की फोन सुरू होतात, ते शिमग्यापर्यंत. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून एकदा लिहून काढले.

आधी एक सांगून टाकतो. ‘गिझर गेला’ म्हणून माझ्याकडे येतात त्यातले बहुतेक गिझर गेलेले नसतात, आतला एखादा तुकडा गेलेला असतो. तुकड्याचे पैसे द्या, गिझरचे देऊ नका. दोन ठिकाणी मात्र मी काटकसर करू देत नाही, अर्थिंग आणि गॅस गिझरची जागा. ते पुढे येईलच.

दिवा लागतो, पण पाणी गारच. काय गेलं असेल?

दोन दिवे असलेला गिझर असेल तर निदान घरबसल्या निम्मं होतं. एक दिवा करंट आल्याचा, दुसरा पाणी तापत असल्याचा. तापण्याचा दिवा लागलाय, अर्धा तास झालाय, आणि पाणी गार, तर कॉइल गेली. करंटचा दिवा आहे पण तापण्याचा लागतच नाही, तर थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा तुकडा) किंवा कट-आउट. एकही दिवा नाही, तर गिझरला हात लावण्याआधी एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) आणि प्लग बघा. प्लगच्या जाड पिना काळ्या पडल्या असतील, प्लॅस्टिक वितळल्याचा वास येत असेल, तर बिघाड गिझरमध्ये नसून भिंतीत आहे. २ किलोवॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास ओढतो, ३ किलोवॅटचा छोटा इन्स्टंट १३. त्याला १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो आणि वायर किमान अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची. ट्यूबलाइटच्या बोर्डावरून जोडणी ओढून दिलेली मी अजूनही बघतो, आणि ओढून देणारा स्वतःला वायरमन म्हणवतो.

कट-आउट म्हणजे पाणी वाजवीपेक्षा जास्त तापलं की वीज तोडणारं बटण. बऱ्याच मॉडेलमध्ये मेन बंद करून, झाकण काढून ते पुन्हा दाबता येतं. एकदा दाबून चाललं तर चालू द्या. आठवड्यात परत पडलं तर थर्मोस्टॅट चिकटलाय, तो बदला. बटण रोज दाबत बसायचं नाही. ते ज्या कारणानं पडतंय ते कारण तसंच आहे.

थर्मोस्टॅट साधारण दोन-चारशे रुपयांत येतो, कॉइल पाचशे ते हजारात, मजुरी वेगळी. कुणी न उघडताच ‘पूर्ण सेट बदलावा लागेल’ म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. तुमचाच आहे तो.

तापताना आत लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. फुटणार तर नाही ना?

नाही. खार धरलाय. बोअरच्या पाण्यातला चुना तापल्यावर कॉइलवर बसतो, थरावर थर चढतात, आणि थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तडतडतं. राकसकोप धरणाचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांना हा त्रास कमी. पूर्वेकडं, काळ्या मातीच्या पट्ट्यात बोअर असेल तर जास्त.

गेल्या थंडीत अनगोळात एका घरी गिझर खाली उतरवला. १५ लिटरचा, सहा वर्षं न उघडलेला. बूड सोडवल्यावर आधी पाणी आलं, मग पांढरा चिखल, मग अंड्याच्या टरफलासारख्या खपल्या. अर्धी बादली भरली. कॉइल बाहेर ओढली तर करंगळीएवढी जाड असायची ती मनगटाएवढी झालेली, मुरमाच्या काठीसारखी. घरातल्या काकू म्हणाल्या, ‘म्हणून हल्ली दुसरी बादली गारच यायची होय!’ बरोबर होतं त्यांचं. टाकीत पाण्याची जागा चुन्यानं घेतली होती.

खारामुळे बिल दुप्पट होतं असं सांगून घाबरवणारे आहेत. ते खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली आहे, तिची उष्णता जाणार कुठे? पाण्यातच. खरा तोटा असा की थराच्या आत कॉइल तिच्या ताकदीपेक्षा जास्त तापते आणि वेळेआधी जळते. म्हणून बोअरवाल्यांनी दोन वर्षांतून एकदा, पावसाळा संपता संपता, गिझर धुऊन घ्यावा. कॉइल बादलीत सायट्रिक अॅसिडच्या (किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं) कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली की खपल्या सुटतात. तारा जोडायची टोकं मात्र पाण्याबाहेर ठेवा. हातोड्यानं ठोकून खार काढू नका. आवरणाला बारीक चीर गेली की पुढचा प्रश्न तुमचाच.

चावीला हात लावला की झिणझिण्या येतात. सध्या चप्पल घालून आंघोळ करतोय, चालेल ना?

नाही चालणार. आत्ता उठा आणि गिझरचा एमसीबी पाडा. नुसता स्विच नको, कारण स्विच न्यूट्रलवर बसवलेला असेल तर बंद करूनही आत करंट असतोच.

होतं असं की कॉइलचं आवरण तडकतं आणि वीज पाण्यात उतरते. अर्थिंग धड असेल तर ती तिथल्या तिथे जमिनीत जाते आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळतोय हे ओळखून पडणारा स्विच) पडतो. झिणझिण्या येतात याचा अर्थ दोन गोष्टी एकदमच बिघडल्यात, कॉइलही आणि अर्थिंगही. नुसती कॉइल बदलून देणारा मेकॅनिक अर्धंच काम करतोय.

गल्लीतली जुनी घरं, वाटण्या होऊन एका मीटरवरून तीन चुलींना वीज गेलेली, तिथे अर्थिंगची तार कुठेतरी मधेच संपलेली असते. एका घरी ती हिरवी तार मी सॉकेटपासून शोधत गेलो, तर माळ्यावर खिळ्याला गुंडाळून ठेवलेली सापडली. नवीन खड्डा, कोळसा-मीठ, पाइप, तार हा खर्च काही हजारांचा आहे, मान्य. एकदम जमत नसेल तर निदान गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तो शरीरातून जाणारा करंट ओळखून क्षणात वीज तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. पडला तर ठीक, पडला नाही तर बदला. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच. तोपर्यंत चुलीवर किंवा गॅसवर पातेलं ठेवा. चार दिवस पातेल्यानं आंघोळ केली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळतं. एम-सील लावून बंद करू का?

हा प्रश्न वाचूनच माझा हात डोक्याला जातो. नका लावू. पाणी २० अंशांवरून ६० पर्यंत तापलं की दीड टक्क्यानं फुगतं. १५ लिटरमागे साधारण पाव लिटर, म्हणजे एक फुलपात्र. मागे जायला वाट नसेल (पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असला की नसते) तर ते याच व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. तापताना गळतंय आणि तापून झाल्यावर थांबतंय, म्हणजे व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. खाली नळी लावून मोरीत सोडा. गिझर बंद असतानाही दिवसभर गळत असेल तर आतला वायसर किंवा स्प्रिंग गेली, व्हॉल्व्ह बदला. स्वस्त असतो. तोंड बंद केलंत आणि त्याच दिवशी थर्मोस्टॅट चिकटला तर टाकी बॉम्बसारखी फुटते.

टाकीच गळतेय. वेल्डिंग होईल?

माझ्याकडे नाही होणार. बाहेरून पत्र्याला पाझर दिसतो तेव्हा आतली टाकी बऱ्याच जागी खाल्लेली असते, एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. हे टाळायचा उपाय आधीच करायचा असतो. टाकीत मॅग्नेशिअमची एक कांडी असते, तिला अॅनोड म्हणतात. गंज टाकीला धरायच्या ऐवजी तिला धरतो. धुवायला गिझर उघडाल तेव्हा ती बघा, पेन्सिलीच्या शिसासारखी बारीक झाली असेल तर बदला. कॉइलपेक्षा स्वस्त आणि टाकी वाचवते, पण आपणहून कुणी बदलून देत नाही.

आमच्या गावात पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो. गिझर जुना झाला का?

व्होल्टेज बघा. २३० ला २ किलोवॅट देणारी कॉइल १८० व्होल्टवर जेमतेम सव्वा किलोवॅट देते. १५ लिटरला २१ मिनिटं लागायची तिथे ३४ लागतात. गिझर बदलून यात काही फरक पडणार नाही. शेतातले पंप सुरू व्हायच्या आधी आंघोळी उरकणारे यात शहाणे. व्होल्टेज कायमच पडत असेल तर हेस्कॉमकडे (आपली वीज कंपनी) १९१२ वर तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा, आणि गल्लीतल्या चारजणांना करायला लावा. एकट्याच्या तक्रारीनं ट्रान्सफॉर्मर हलत नाही.

गृहज्योतीत वीज मोफत आहे ना? मग बिल का आलं?

गृहज्योती ही कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना, पण सगळ्यांना २०० युनिट मोफत, असं ते नाही. जुलै २०२३ पासूनच्या वापराला योजना लागू झाली, तेव्हा २०२२-२३ सालचा तुमचा महिन्याचा सरासरी वापर काढला आणि त्यावर थोडी वाढ धरून तुमची मर्यादा ठरवली. मर्यादेच्या आत राहिलात तर शून्य बिल. मर्यादा ओलांडली पण २०० च्या आत आहात, तर वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की सगळ्याच बिलाचे.

इथेच आपल्याकडच्या घरांची पंचाईत झाली. २०२२-२३ मध्ये ज्यांच्याकडे बंब होता, त्यांची सरासरी पन्नास-साठ युनिट निघाली. नंतर सूनबाई आल्या, बंब माळ्यावर गेला, गिझर आला. आता हिशेब करा. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ०.७ युनिट. त्यात तेवढंच गार मिसळलं की दोन बादल्या झाल्या. चार माणसं, चार बादल्या, म्हणजे रोज १.४ युनिट, महिन्याला ४२. मर्यादा तिथेच उडाली.

उपाय साधे आहेत. थर्मोस्टॅट ७५ वर असेल तर ५५-६० वर आणा. गिझर दिवसभर चालू ठेवू नका, टाकी निवत जाते आणि पुन्हा पुन्हा तापते. आंघोळी एकापाठोपाठ एक. आणि गरम पाण्याची चावी टपकत असेल तर आजच वायसर टाका, कारण तो थेंब विजेचा आहे. बिल कन्नडमध्ये येतं म्हणून बाजूला ठेवून देऊ नका. आकडे वाचता येतात, आणि ‘सरासरी’ला कन्नडमध्येही सरासरीच म्हणतात.

गॅस गिझर पेटत नाही.

आधी बॅटऱ्या. खालच्या डबीत दोन जाडे सेल असतात, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. ‘टक टक’ आवाज येतो पण जाळ धरत नाही, तर सिलिंडर संपलाय का बघा. आवाजच येत नाही आणि सेल नवे आहेत, तर पाण्याचा दाब कमी. पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा हलतो आणि त्यानं गॅस सुटतो. टाकी न्हाणीच्या स्लॅबवरच ठेवलेली असेल तर तेवढा दाब मिळत नाही. अडीच-तीन मीटर तरी उंची हवी. पडदा फाटला असेल तर तो एकटा मिळतो, अख्खा गिझर बदलायला नको. १५ लिटर पाणी तेवढंच तापवायला साधारण ७० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये दोनशेच्या आसपास वेळा. त्यात स्वयंपाकाचा सिलिंडर किती दिवस पुरेल ते तुमचं तुम्ही मांडा.

गॅस गिझर बाथरूममध्येच आहे. खिडकी आहे. तरी नको?

नको. थंडीत ती खिडकी तुम्ही लावून घेता, मला माहीत आहे. बंद जागेत जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. माणसाला वाटतं उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून. मग पाय निघत नाहीत. जाळ निळ्याऐवजी पिवळा दिसत असेल तर धोका आणखी वाढलेला असतो.

गिझर बाहेर, उघड्यावर, वर पत्र्याची पडवी करून लावा आणि गरम पाण्याची पाइप आत घ्या. पाइप आणि मजुरीचा हा खर्च मी कुणालाच माफ करत नाही. उधारीवर करून देतो, पण करतो. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, कुठलाही स्विच हलवायचा नाही, बाहेर येऊन १९०६ ला फोन.

गिझर दुरुस्त होईपर्यंत हीटर रॉड वापरला तर?

वापरा, पण बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. मुलं असलेल्या घरात मी नकोच म्हणतो.

माळ्यावरचा तांब्याचा बंब पुन्हा काढावा म्हणतोय. बुडाला गळतो.

काढा, मला आवडेल. आधी तो पाण्यानं भरून उन्हात ठेवा आणि नेमकं कुठे ओलं होतं ते बघा. बहुतेक वेळा मधल्या नळ्याचा आणि बुडाचा सांधा असतो, कारण जाळ तिथेच लागतो. तांबट डाख (वितळवलेल्या धातूचा सांधा) देऊन तो बुजवतो. तोटी गळत असेल तर तोटीच बदलायची. पत्रा बोटानं दाबल्यावर लवत असेल तर मात्र तो खाल्ला गेलाय, डाख धरणार नाही.

वडगावात एका आजींचा बंब असाच दुरुस्त करून आणवला होता. तिसऱ्याच दिवशी पुन्हा गळायला लागला. आजींनी तांबटाला भरपूर नावं ठेवली. जाऊन बघितलं तर नातवानं आधी जाळ घातला होता आणि मग पाणी आणायला गेला होता. रिकाम्या बंबाला जाळ लागला की डाख वितळून खाली येतो. आधी पाणी, मग विस्तव.

इंधनाचं म्हणाल तर करवंट्या सगळ्यांत बऱ्या, खानापूरकडे लाकूडफाटा मिळतो, बाकीकडे शेणी, दाणे काढलेली मक्याची कणसं. बंब परसात किंवा धुराडं असलेल्या न्हाणीतच पेटवा. बंद खोलीत त्याचाही धूर गॅस गिझरसारखाच मारतो. निखारे आहेत म्हणून दार लावून ऊब घेत बसणाऱ्यांनी बाथरूममधल्या गॅस गिझरचा वरचा प्रश्न परत वाचावा.

सोलर आहे, पण पाणी कोमटच येतं.

काचेच्या नळ्यांवरची धूळ पुसा आणि एखादी नळी आतून पांढरी पडलीय का बघा. पांढरी म्हणजे तिच्यातली निर्वात पोकळी गेली. तेवढीच नळी आणि रबरी रिंग बदलता येते. जुन्या नळीचा व्यास मोजून न्या, ४७ मिलिमीटरची आणि ५८ ची एकमेकींच्या जागी बसत नाही. रिकाम्या सोलरमध्ये भर दुपारी गार पाणी सोडू नका, नळ्या तडकतात. पहाटे भरा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सोलरला दोष देण्यात अर्थ नाही.

गिझर कोल्हापुरातून आणला, राहतो बेळगावात. वॉरंटी कोण देणार?

कार्ड वाचा. टाकीची, कॉइलची आणि बाकी मशीनची वॉरंटी वेगवेगळी असते, टाकीची सगळ्यांत लांब. कंपनीची वॉरंटी बहुधा देशभर चालते. दुकानदार ‘तिकडंच न्या’ म्हणाला म्हणून गिझर डोक्यावर घेऊन घाट-रस्ता धरू नका. पक्कं बिल मात्र हवं. माझ्याच भावानं पावतीऐवजी कार्डाच्या मागं पेनानं लिहून आणलं होतं, त्याला काही मिळालं नाही.

तक्रारीचा फोन लावलात की पिनकोड ५९० नाहीतर ५९१ सांगताच पलीकडून कन्नड सुरू होतं. ‘बिसी नीर बरवल्दु’ (गरम पाणी येत नाही) एवढं आपल्याला सगळ्यांनाच येतं, तेवढं पुरतं. दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तीही थकली तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे दावा करता येतो, म्हणजे कोल्हापूरच्या खरेदीचा दावा बेळगावात चालतो. वस्तू पाच लाखांच्या आतली असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची.

भाड्याचं घर आहे. खर्च कुणाचा?

करारात लिहिलं असेल तसं. लिहिलं नसेल तर मालकाला दुरुस्तीआधी सांगा, फोटो पाठवा, पावती ठेवा आणि भाड्यातून वळते करायचं ठरवून घ्या. करंट येत असेल तर विचारत बसू नका. आधी बंद करा.

मग नवीन कधी घ्यायचा? आणि जुन्याचं काय करू?

टाकी गळली तर. किंवा दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्यावर गेला तर. नवा घेताना आयएसआय शिक्का आणि स्टार बघा, आकार घरच्या माणसांवरून ठरवा. तिघांना २५ लिटरचा लागत नाही. सेकंडहँड गिझर मी विकत नाही आणि घेऊ नका असंच सांगतो, आतली टाकी कुणाला दिसत नाही.

जुना देताना एवढं करा. काही जुन्या गिझरची आतली टाकी तांब्याची असते. भंगारवाला अख्खा डबा लोखंडाच्या भावात उचलतो आणि कोपऱ्यावर जाऊन फोडतो. तुम्ही त्याला दारातच फोडायला लावा आणि तांबं वेगळं तोलून घ्या.